आठाच्या पंगतीत

रात्रीचे अकरा. कूलरमधलं पाणी संपलंय,
नुसता पंखा खडखडतो आहे,
आणि मी ओट्याला टेकून एका अंगठ्यानं लिहिते :
"एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश?
एकतीसपैकी सव्वीस पोरं म्हणाली, अष्टमांश.
कारण आठ मोठे.
बावीस वर्षं शिकवते आहे. माझं कुठं चुकतंय?"

पाठवलं, आणि लगेच वाटलं, पुसून टाकावं.
"गणित कट्टा, नागपूर विभाग" :
दोनशे त्रेचाळीस जण,
त्यात आमचे केंद्रप्रमुख,
जे कधीच काही लिहीत नाहीत, फक्त वाचतात.

पहिलं उत्तर नंदनवार सरांचं : जोडलेले हात, दोनदा.
मग कुणाची तरी सत्तावन्न पानांची पीडीएफ.
मग शुभ रात्री, चंद्र, तळ्यात दोन बदकं.
ॲडमिनचा इशारा : कृपया शैक्षणिकच टाका.
फोन उपडा ठेवणार, तेवढ्यात
भंडाऱ्याच्या शीतल गजभिये :
"माझ्याकडेही हेच. मला वाटलं, माझंच चुकतंय."

हे वाक्य मी तीनदा वाचलं.
आमच्या स्टाफरूममध्ये असं कुणी म्हणत नाही.
तिथं सगळ्यांचा पोर्शन
फेब्रुवारीतच संपलेला असतो.

सकाळची शाळा. सक्करदऱ्याच्या सिग्नलला
हेल्मेटमध्ये फोन कोंबून ऐकलं :
उईके सर, एटापल्लीच्याही आतले.
आधी घसा खाकरणं, मग वारा, मग आवाज :
"नमस्कार मॅडम. पाण्याच्या टाकीवर चढलो आहे,
रेंज इथंच येते, ऐकू येईल तेवढं ऐका.
दोन पंगती मांडा. एक चारांची, एक आठांची.
दोन्हीकडं एकेकच भाकर.
मग पोरांना विचारा, कुठं बसता?
मी स्वतः केलं नाही अजून,
रात्री झोप येईना, तेव्हा सुचलं. आज मीही..."
पुढं वाराच होता.
मागून एका ऑटोनं हॉर्न वाजवला.

टिमकीची शाळा, महापालिकेची.
खिचडीवाल्या देवकाबाईंनी दोन भाकरी थापून दिल्या,
म्हणाल्या, "गणिताले पीठ लागते, हे आजच समजलं बाप्पा."
मी खडूनं फरशीवर दोन गोल काढले,
विचारलं, आणि सगळी पोट्टी चाराकडं धावली.
ढकलाढकली, एकाची चप्पल तुटली.
मी मनातल्या मनात उईकेंना हात जोडले. दोनदा.

आठाच्या गोलात एकटाच
सारंग पराते. मांडी घालून.
"अरे, तिथं तुकडा लहान भेटन."
"ठाऊक आहे मॅडम. चारातल्याच्या अर्धा."
"मग?"
"तिकडं भांडनं सुरू आहेत.
अन् इथं बोलायले सात जन भेटतात."

सात जण अजून आले नव्हते.
तो वाट बघत होता.

त्याच्या वहीत बरोबरची खूण करू की नको,
हे मला घंटेपर्यंत ठरवता आलं नाही.
घरी आल्यावर सगळं जसंच्या तसं कट्ट्यावर लिहिलं,
भाकरीचा फोटो टाकला, थोडा हललेला.
बेचाळीस अंगठे आले. केंद्रप्रमुखांचाही.
अंगठ्यावरून त्यांना काय वाटलं, कळायला मार्ग नाही.

उईके सरांचा निरोप तिसऱ्या दिवशी आला,
टाकीवर चढायला वेळ मिळाला नसेल.
आवाज नव्हता या वेळी, दोनच ओळी :
"मॅडम, माझ्याकडं सगळेच आठात बसले.
चाराचा गोल रिकामा. आता पुढं काय शिकवू?"

मी खूप वेळ उत्तर शोधत राहिले.
पंखा खडखडत होता.
पडद्यावर वर, बारीक अक्षरात :
शीतल गजभिये टाइप करत आहेत...